नगरसेवकाचे मानधन : कोणी ठरवावे, केव्हा ठरवावे?

लोहमार्गाने ठाणे शहराचे दोन भाग केले, त्यास १७० वर्षांहून अधिक काळ लोटला. स्थानकाच्या पूर्वेस उतरले की कोपरी लागते. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची वसाहत, मीठबंदराकडे जाणारा रस्ता, खाडीकाठचा चेंदणी कोळीवाडा, दाटीने उभ्या असलेल्या गृहनिर्माण संस्था आणि शहराच्या मोठ्या भागाचे सांडपाणी शुद्ध करणारे केंद्र, एवढे सारे या चिंचोळ्या पट्टीत सामावले आहे. स्थानकाबाहेरील उन्नत मार्गाच्या कामामुळे येथील रहिवाशांनी वर्षानुवर्षे वाट काढीत चालण्याची सवय करून घेतली. कोपरीच्या रेल्वेपुलाचे रुंदीकरण व्हावे म्हणूनही त्यांना दीर्घकाळ वाट पाहावी लागली. अशा वस्तीत नगरसेवक हा मानाचा धनी नसतो. गटार तुंबले, नळाला पाणी आले नाही, इमारत धोकादायक ठरली, शाळेच्या प्रवेशाचा दाखला अडला, की ज्याच्या दाराशी जावयाचे तो गृहस्थ किंवा ती गृहिणी म्हणजे नगरसेवक.

जानेवारी २०२६ मध्ये ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीसह राज्यातील २९ महानगरपालिकांच्या निवडणुका झाल्या. ठाणे महापालिकेच्या मागील सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती आणि कल्याण-डोंबिवलीची नोव्हेंबर २०२० मध्ये. म्हणजे एका शहराचा कारभार पावणेचार वर्षांहून अधिक आणि दुसऱ्याचा पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकाच्या हाती होता. प्रचारात रस्ते, पाणी, वाहतूक, पुनर्विकास या विषयांवर पुष्कळ बोलले गेले. परंतु जो प्रतिनिधी आपण निवडून देणार, त्याने पाच वर्षे हे काम करावे कसे, त्याचा प्रपंच चालावा कशावर, आणि त्याच्या कामाचे मोल कोणी ठरवावे, हा प्रश्न कोणत्याही व्यासपीठावरून विचारला गेला नाही. उमेदवाराने तो विचारणे संकोचाचे आणि मतदाराने विचारणे अनावश्यक, अशी उभयपक्षी समजूत असावी. या समजुतीतच आपल्या नागरी कारभाराचे एक जुने दुखणे दडले आहे.

पाच पैशांचा हिशेब

प्रथम आकडे पाहू. जुलै २०१७ मध्ये राज्य शासनाने महापालिका सदस्यांच्या मानधनाचे दर नव्याने ठरविले. मुंबईच्या नगरसेवकाचे मानधन दरमहा १० हजारांवरून २५ हजार झाले. पुणे व नागपूर यांना २० हजार, ठाणे, नाशिक व पिंपरी-चिंचवड यांना १५ हजार आणि उरलेल्या लहान महापालिकांना १० हजार रुपये असा दर ठरला. कल्याण-डोंबिवलीचा समावेश या शेवटच्या वर्गात होता. ठाण्याचे सभागृह १३१ सदस्यांचे. १५ हजारांच्या दराने या सर्वांच्या मानधनाचा वर्षाचा खर्च होतो सुमारे २ कोटी ३६ लाख रुपये. ठाणे महापालिकेचे अलीकडच्या वर्षांतील अंदाजपत्रक पाच हजार कोटींच्या पुढे गेलेले आहे. याचा अर्थ, महापालिकेने शंभर रुपये खर्चावेत म्हटले, तर निवडून आलेल्या सर्व सदस्यांच्या मानधनाच्या वाट्यास त्यातील पाच पैसेही येत नाहीत. २०११ च्या जनगणनेनुसार ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाख ४१ हजार होती. तिची विभागणी केली तर एका नगरसेवकामागे १४ हजार नागरिक येतात. दर नागरिकामागे महिन्याला रुपयाहून किंचित अधिक, एवढ्यात लोकप्रतिनिधी उपलब्ध होतो!

दुसऱ्या बाजूचा आकडा अधिक बोलका आहे. २०२६ च्या निवडणुकीसाठी राज्य निवडणूक आयोगाने ठाण्यातील उमेदवारास १३ लाख रुपयांपर्यंत, तर कल्याण-डोंबिवलीतील उमेदवारास ११ लाख रुपयांपर्यंत खर्च करण्याची मुभा दिली होती. २०१७ च्या दराने पाच वर्षांचे, म्हणजे ६० महिन्यांचे मानधन ठाण्यात ९ लाख आणि कल्याण-डोंबिवलीत ६ लाख होते. कायद्याने मान्य केलेला खर्चच जर पाच वर्षांच्या कायदेशीर प्राप्तीहून अधिक असेल, तर मधली तूट कोठून भरून काढली जाते? उमेदवार स्वतः श्रीमंत असला पाहिजे, किंवा त्याचा पक्ष, नाही तर त्याचा कोणी हितचिंतक. पक्ष आणि हितचिंतक आपला पैसा विसरत नाहीत, हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही.

मान आणि धन

'मानधन' हा शब्द मोठा चतुर आहे. तो वेतन म्हणत नाही, मजुरी म्हणत नाही. काम सेवाभावाने झाले, समाजाने कृतज्ञतेपोटी काही पुढे केले, असा त्याचा ध्वनी आहे. या शब्दामागे खरी परंपरा आहे आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. महात्मा फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८० मध्ये गव्हर्नर जनरल लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करण्याचा ठराव आला, तेव्हा तो पैसा शिक्षणावर खर्चावा अशी भूमिका घेऊन त्यांनी एकट्याने विरोध केला. लोकमान्य टिळक १८९५ मध्ये त्याच नगरपालिकेवर निवडून आले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी तिचे अध्यक्षपद भूषविले. मुंबईत फिरोजशहा मेहता यांनी महापालिकेच्या कामासाठी आयुष्याची कित्येक वर्षे दिली. यांपैकी कोणी नागरी सेवेवर आपली चूल पेटविली नाही.

परंतु या परंपरेची दुसरी बाजू नजरेआड करता येत नाही. फुले यांचा स्वतःचा व्यवसाय होता, टिळकांचे वृत्तपत्र होते, मेहता नामवंत बॅरिस्टर होते. १८८२ च्या रिपन यांच्या ठरावाने स्थानिक स्वराज्याला चालना मिळाली, तरी त्या काळी मताचा अधिकार कर भरणाऱ्या मोजक्यांनाच होता. ज्यांच्याजवळ मालमत्ता त्यांनी मत द्यावे, ज्यांच्याजवळ सवड त्यांनी सभागृहात बसावे, अशी ती व्यवस्था होती. बिनमोल सेवा त्या व्यवस्थेत सहज शोभून दिसे. स्वातंत्र्यानंतर मताचा अधिकार सर्वांना मिळाला. उमेदवारीचा अधिकारही कागदोपत्री सर्वांचा झाला. सवड मात्र सर्वांना मिळाली नाही.

इंग्लंडात १८३८ च्या सनदवादी चळवळीने ज्या सहा मागण्या केल्या, त्यांत पार्लमेंटच्या सदस्यांना वेतन मिळावे ही एक होती. मजुराला मत देऊन भागत नाही, मजुराला सभागृहात बसता आले पाहिजे, हा तिचा आशय होता. ती मान्य होण्यास १९११ साल उजाडावे लागले. त्या वर्षी सदस्यांना वार्षिक ४०० पौंड मिळू लागले. प्राचीन अथेन्समध्ये न्यायसभेत बसणाऱ्या सामान्य नागरिकास पेरिक्लीसने दैनिक भत्ता सुरू केला, तोही याच विचाराने. म्हणजे प्रतिनिधीला पैसे देण्याची कल्पना लोभातून जन्मलेली नाही, तर समतेच्या आग्रहातून आलेली आहे.

त्याचबरोबर मर्यादेचे भानही आपल्याच परंपरेने शिकविले. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावाने वरिष्ठ सरकारी नोकरांच्या वेतनाला सर्वसाधारणपणे ५०० रुपयांची मर्यादा घालावी असे म्हटले आणि १९३७ मध्ये सत्तेवर आलेल्या काँग्रेस मंत्र्यांनी स्वतःचे वेतन ५०० रुपयेच घेतले. अगदी कमीही नव्हे आणि डोळ्यांत भरण्याइतके जास्तही नव्हे, असा तो मध्यम मार्ग होता. महत्त्वाचे हे की, पद हाती येण्यापूर्वी सहा वर्षे ते तत्त्व जाहीर झालेले होते.

सभागृहाचे दार कोणासाठी?

१९९० नंतरच्या दशकात स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांसाठी एकतृतीयांश जागा राखीव झाल्या आणि २०११ मध्ये महाराष्ट्राने हे प्रमाण निम्म्यावर नेले. अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्ग यांच्यासाठीही जागा राखल्या गेल्या. ही साधी सुधारणा नव्हे. चेंदणीतील एखादी मासे विकणारी कोळीण, पोळी-भाजी केंद्र चालविणारी एखादी गृहिणी, खाजगी कारखान्यातील एखादा कामगार, शिकवण्या घेऊन घर चालविणारा एखादा पदवीधर यांना सभागृहाचे दार कायद्याने उघडून दिले आहे.

आता अशी एखादी कोळीण निवडून आली अशी कल्पना करावी. पहाटे मासळी आणणे आणि दुपारपर्यंत ती विकणे हा तिचा दिनक्रम. सर्वसाधारण सभा असते दिवसाच्या कामाच्या वेळी. नौपाडा-कोपरी प्रभाग समितीची बैठक असते, ती वेगळी. विषयपत्रिकेवरील गोषवारे वाचावयाचे, अभियंत्याबरोबर गटारांची पाहणी करावयाची, पाण्याच्या तक्रारी ऐकावयाच्या, मर्तिकाला आणि बारशाला जावयाचे. धंद्याचे दिवस बुडतात. ते भरून काढण्यास जे मानधन आहे त्यातून कार्यालयाचे भाडे आणि एका मदतनीसाचा पगारही धडपणे निघत नाही. खाजगी नोकरी करणाऱ्याची गत याहून वेगळी नाही. त्याचा मालक महिन्यातून एखादा दिवस रजा देईल, दर आठवड्यास देणार नाही.

अशा स्थितीत दोन-तीन वर्षांनी काय घडते? ती स्त्री थकून मागे सरते आणि तिचा कारभार तिच्या वतीने दुसराच कोणी पाहू लागतो. किंवा सभागृहात जे येते त्यावर हात वर करून ती मोकळी होते. किंवा कोणी ठेकेदार पुढे येतो आणि "ताई, कार्यालयाच्या भाड्याची चिंता आपण कशास करता?" असे विचारतो. पहिला लाभ नेहमी असाच आर्जवी वाणीने येतो. 'टक्केवारी' हा शब्द मराठीत गणिताच्या पुस्तकातून आला, पण नागरी कारभारात त्याला जो अर्थ चिकटला तो शाळेतील मुलालाही ठाऊक झाला आहे. ठाणे महापालिकेच्या ठेक्यांतील टक्केवारीच्या चौकशीसाठी नेमलेल्या नंदलाल समितीचे नाव जुन्या ठाणेकरांच्या अजून स्मरणात आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मानधन वाढविले म्हणजे टक्केवारी थांबते, असा दावा कोणी करू नये. लोभाला मानधनाची कमाल मर्यादा ठाऊक नसते. ज्यास ठेक्यातून लाखो मिळू शकतात, तो १५ हजारांऐवजी ५० हजार मिळाले म्हणून साधू होणार नाही. त्याच्यासाठी कायदा आहे, चौकशी आहे, तुरुंग आहे. ठेक्यात हितसंबंध असणाऱ्यास सदस्यत्वास अपात्र ठरविणारी तरतूद महापालिका अधिनियमात आहेच. तेव्हा मानधनाचा विचार करावयाचा तो लबाडाला सुधारण्यासाठी नव्हे, तर प्रामाणिक मनुष्याला टिकून राहता यावे यासाठी. आजची व्यवस्था लबाडाला अडवीत नाही, मात्र प्रामाणिक पण गरीब मनुष्याला हमखास अडविते.

ठरविणारा हात

मग मानधन वाढवावे काय? अवश्य वाढवावे. पण किती वाढवावे यापेक्षा ते कोणी आणि केव्हा ठरवावे, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे. आज आपल्याकडे दोन पद्धती प्रचलित आहेत आणि दोन्ही सदोष आहेत.

पहिली पद्धत स्वतःच स्वतःचे ठरविण्याची. राज्यघटनेच्या १०६ व्या अनुच्छेदाने खासदारांचे आणि १९५ व्या अनुच्छेदाने आमदारांचे वेतन ठरविण्याचा अधिकार अनुक्रमे संसदेस व विधिमंडळास दिला आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने आमदारांचे वेतन सुमारे ७५ हजारांवरून दीड लाखाच्या पुढे नेणारे विधेयक चर्चेविना संमत केले. एरवी ज्या सभागृहात एका शब्दावरून तास न् तास गदारोळ होतो, तेथे सर्वपक्षीय एकमताचे हे दर्शन जनतेला मोठे उद्बोधक वाटले. खासदारांच्या बाबतीत २०१८ मध्ये निराळा मार्ग स्वीकारला गेला. वेतन लाख रुपये करून ते दर पाच वर्षांनी महागाईच्या निर्देशांकानुसार आपोआप बदलेल अशी तरतूद झाली आणि तीनुसार पुढे ते १ लाख २४ हजार झाले. दर वेळी मागणी आणि दर वेळी टीका हा प्रकार त्यामुळे टळला, एवढे तिचे श्रेय मान्य केले पाहिजे.

दुसरी पद्धत वरच्या सत्तेने ठरविण्याची. नगरसेवकाचे मानधन राज्य शासनाच्या मान्यतेवाचून हलत नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांना घटनात्मक स्थान दिले, परंतु त्यांच्या सदस्यांना काय द्यावे याविषयी घटना मौन बाळगून आहे. त्या मौनाचा लाभ राज्याला मिळतो. वरून ठरविण्यामुळे स्वार्थाचा दोष टळतो खरा, पण त्याची जागा मेहेरबानी घेते. मानधन केव्हा वाढेल याचे वेळापत्रक नाही, किती वाढेल याचे सूत्र नाही, वाढले तर का वाढले याचा अहवाल नाही. शिष्टमंडळाने मंत्रालयात जावे, निवेदन द्यावे आणि अनुकूल घटिकेची वाट पाहावी.

ही घटिका कशी येते याचे उदाहरण ग्रामीण भागात सापडते. २०१९ मध्ये सरपंचांचे मानधन गावाच्या लोकसंख्येनुसार ३ हजार, ४ हजार व ५ हजार रुपये ठरले. सप्टेंबर २०२४ मध्ये ते दुप्पट करून ६, ८ आणि १० हजार करण्यात आले. वाढ न्याय्य होती यात शंका नाही. सरपंचावर गावगाड्याचा जो भार असतो त्याच्या मानाने ती अल्पच म्हणावी लागेल. परंतु विधानसभेची निवडणूक त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये होती, हेही कोणाच्या नजरेतून सुटले नाही. जे हक्काने आणि नियमाने मिळावयास हवे, ते निवडणुकीच्या तोंडावर देणगीसारखे पदरी पडले की घेणाऱ्याचा कणा वाकतो. सरपंच असो वा नगरसेवक, तो आपल्या मतदारांचा प्रतिनिधी आहे, शासनाचा आश्रित नव्हे.

यात भर म्हणजे वेळेचा दोष. २०१७ च्या फेब्रुवारीत ठाण्यासह अनेक महापालिकांच्या निवडणुका झाल्या आणि जुलैत मानधन वाढले. ज्यांनी जुन्या दरावर उमेदवारी अर्ज भरला त्यांना नवा दर मिळाला. ज्यांनी जुना दर परवडत नाही म्हणून अर्जच भरला नाही, त्यांना तो कळला निकालानंतर. मानधनवाढीचा खरा हेतू सामान्य मनुष्याला उमेदवारीसाठी धीर देणे हा असेल, तर ती निवडणुकीनंतर जाहीर करणे म्हणजे लग्न लागल्यावर मुलगी दाखविण्यासारखे आहे.

परदेशांतील दाखले

जगाने या प्रश्नावर विचार केला नाही असे नाही. अमेरिकेत १७८९ मध्ये एक घटनादुरुस्ती सुचविली गेली होती. काँग्रेसच्या सदस्यांचे वेतन बदलणारा कोणताही कायदा, मध्ये एक निवडणूक होऊन गेल्याखेरीज अमलात येऊ नये, एवढाच तिचा आशय. पुरेशा राज्यांची संमती न मिळाल्याने ती दोन शतके पडून राहिली. १९८२ मध्ये टेक्सास विद्यापीठातील ग्रेगरी वॉटसन या विद्यार्थ्याने तिच्यावर निबंध लिहिला. ही दुरुस्ती अजूनही संमत होऊ शकते असे त्याने प्रतिपादन केले. शिक्षकांनी त्यास सामान्य श्रेणी दिली. त्याने हार न मानता राज्याराज्यांच्या विधिमंडळांना पत्रे पाठविण्याचा सपाटा लावला आणि १९९२ मध्ये ती सत्ताविसावी घटनादुरुस्ती म्हणून संमत झाली. विद्यार्थ्यांनी आणि त्यांचे निबंध तपासणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावी अशी ही हकीकत आहे. तिच्यातील तत्त्व साधे आहे. आपण ज्यास मत दिले, त्याचा लाभ आपल्याला नव्हे, आपल्यामागून येणाऱ्याला मिळावा. तो लाभ आपणांसच हवा असेल तर पुन्हा मतदारांपुढे जावे.

इंग्लंडमध्ये नगरपरिषदांच्या सदस्यांना किती भत्ता द्यावा याची चर्चा १९७० च्या दशकापासून चालली. अखेर तेथे प्रत्येक परिषदेने स्वतंत्र मंडळ नेमून त्याच्या शिफारशी लक्षात घेणे बंधनकारक झाले. अंतिम निर्णय परिषदेचाच, पण शिफारस डावलली तर ती डावलल्याचे जनतेला दिसते. न्यूझीलंडने एक पाऊल पुढे टाकले. तेथे महापौर आणि नगरसदस्य यांचे वेतन एक स्वतंत्र प्राधिकरण ठरविते.

शिक्षक आणि कारकून वर्गाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. ते आपला पगार आपण ठरवीत नाहीत आणि तो केवळ वरिष्ठांच्या मर्जीवरही सोडलेला नाही. त्यासाठी वेतन आयोग असतो, निवेदने घेतली जातात, अहवाल होतो, महागाई भत्त्याचे सूत्र असते. हे सहजासहजी पदरात पडलेले नाही. १९७७-७८ मधील महाराष्ट्रातील राज्य कर्मचाऱ्यांचा ५४ दिवसांचा संप ज्यांनी पाहिला त्यांना सूत्र आणि मेहेरबानी यांतील अंतर सांगावे लागणार नाही. जे तत्त्व महापालिकेतील लिपिकाला लागू आहे, ते त्या महापालिकेच्या सदस्याला लागू का असू नये?

काय करता येईल?

यासाठी नवे कार्यालय, नव्या मोटारी आणि नवे सचिव यांची आवश्यकता नाही. ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीने दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमण्याचे बंधन राज्यावर घातलेलेच आहे. स्थानिक संस्थांच्या आर्थिक स्थितीचे परीक्षण हे त्याचे काम आणि इतर आर्थिक बाबीही त्याच्याकडे सोपविता येतात. सरपंचापासून महापौरापर्यंत सर्वांच्या मानधनाची शिफारस याच आयोगाने करावी. हे आयोग वेळेवर नेमले जात नाहीत, त्यांचे अहवाल धूळ खात पडतात, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. म्हणूनच अहवाल न आल्यास मानधन केवळ महागाईच्या निर्देशांकानुसार बदलेल, अशी तरतूद सोबत हवी. आयोगाच्या विलंबाने अनमान होईल, पण अन्याय होणार नाही.

दुसरी अट वेळेची. नवा दर निवडणुकीची अधिसूचना निघण्यापूर्वी किमान सहा महिने जाहीर व्हावा आणि तो पुढील सभागृहासच लागू व्हावा. म्हणजे कोपरीतील त्या कोळिणीला किंवा त्या खाजगी नोकराला अर्ज भरण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन आपला हिशेब मांडता येईल.

तिसरी अट हजेरीची. मानधनाचा एक भाग सर्वसाधारण सभा आणि प्रभाग समिती यांतील उपस्थितीशी बांधावा, आणि प्रत्येक सदस्याची हजेरी व त्यास मिळालेली रक्कम प्रभाग कार्यालयाच्या फलकावर दरमहा लावावी. ज्या फलकावर थकबाकीदारांची नावे लावता येतात त्यावर प्रतिनिधींची हजेरी लावण्यास जागा अपुरी पडणार नाही. मानधनाखेरीज वाहन, दूरध्वनी, कार्यालय यांवर जे खर्च होते तेही याच फलकावर यावे. जे उघड आहे ते जनता सहसा पोटभर देते. तिला चीड येते ती झाकून नेलेल्या घासाची.

यावर सर्वांत बळकट आक्षेप असा की, शहरात कंत्राटी सफाई कामगाराला वेळेवर पगार मिळावा म्हणून भांडावे लागत असता नगरसेवकाच्या मानधनाची चिंता कशास? आक्षेप मोलाचा आहे आणि त्याचे उत्तर त्याच्याच पोटात आहे. त्या कामगाराचा पगार का अडला, हे सभागृहात उभे राहून विचारणारा सदस्य हवा की नको? तो जर त्याच कंत्राटदाराच्या मदतीने निवडून आलेला आणि त्याच्याच पैशाने कार्यालय चालविणारा असेल, तर प्रश्न विचारला जाणार नाही. मानधनात वाचविलेले पाच पैसे अशा वेळी ठेक्यातील रुपयांनी फेडावे लागतात.

दुसरा आक्षेप, सेवाभावाचे काय? सेवाभाव राहावयास हवा, याविषयी दुमत नाही. परंतु उपाशी राहण्याची तयारी हीच सेवेची एकमेव कसोटी मानली, तर सेवा ही ज्यांचे पोट आधीच भरलेले आहे त्यांचीच मिरास होते. शिक्षक पगार घेतो म्हणून त्याचे शिकविणे सेवा ठरत नाही काय?

सभागृहे रिकामी असताना ठाण्याने आणि कल्याण-डोंबिवलीने मानधनाचा खर्च वाचविला. पूर्वीही ही दोन्ही शहरे या अनुभवातून गेली आहेत. ठाण्याची महापालिका १९८२ मध्ये स्थापन झाली आणि पहिली निवडणूक १९८६ मध्ये आली. कल्याण-डोंबिवलीची १९८३ मध्ये झाली आणि पहिल्या निवडणुकीस १९९५ उजाडले. प्रतिनिधीवाचून कारभार किती स्वस्त पडतो हे या शहरांइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार नाही. आणि तो किती महाग पडतो हेही. कारण त्या वर्षांत गटार तुंबले तर तक्रार घेऊन जावयाचे कोणाकडे, हे सांगणारे कोणी नव्हते.

आता सभागृहे पुन्हा भरली आहेत. नवे सदस्य आपल्या मानधनासाठी मंत्रालयाचे उंबरठे झिजवितील किंवा संकोचाने गप्प बसून अन्य मार्ग शोधतील, असे दोनच पर्याय त्यांच्यापुढे आहेत असे मानू नये. आपल्या मुदतीत एक पैसाही न वाढविता, पुढील सभागृहासाठी स्वतंत्र आयोगाने मानधन ठरवावे, असा ठराव करून तो शासनाकडे पाठविण्याचा तिसरा मार्गही आहे. त्यातून स्वतःला काही मिळावयाचे नाही, म्हणूनच तो ठराव मांडणाऱ्याचा शब्द ऐकला जाईल. कोपरीच्या चार जागांसाठी पुढील खेपेस कोण अर्ज भरू शकेल, हे त्यावर अवलंबून आहे.